पडद्यावर न आलेला आवाज

गोरक्ष ताजनपुरेला टीव्हीवर कोणी पाहिलेलं नाही. पोलिसांच्या धाडी दाखवणारा तो कार्यक्रम नाशिकमध्ये घरोघर पाहिला जातो. त्यात दार फोडणारे शिपाई दिसतात, कौलांवरून पळणारा चोर दिसतो. गोरक्ष दिसत नाही. तो कॅमेऱ्याच्या मागे हातभर अंतरावर असतो. छातीवर सात-आठ किलोची पिशवी, कानांवर हेडफोन, उजवा हात पिशवीतल्या बटणांवर आणि डावा हात कॅमेरामन आयुषच्या कमरेच्या पट्ट्यात. आयुष डोळा कॅमेऱ्याला लावून धावतो, कधी उलट्या पावलांनीही, त्याला पायाखालचं दिसत नाही. म्हणून खड्डा आला की गोरक्षनं पट्टा मागे ओढायचा आणि पायरी आली की वर उचलायचा. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नाही.

"आमच्या आईनं लहानपणी धरलं नसेल इतकं घट्ट धरता काका तुम्ही," आयुष म्हणतो.

"आई धरायची तेव्हा तू उलटा धावत नव्हतास," गोरक्ष म्हणतो.

आवाजाचं काम म्हणजे मागे उभं राहायचं आणि ऐकायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण हेडफोन घातलेल्या माणसाला आवाज कोणत्या दिशेनं आला ते कळत नाही. डावीकडून येणारं कुत्रं आणि मागून येणारा कोयता, दोन्ही डोक्याच्या मधोमध ऐकू येतात. घोटीला एकदा भाताच्या गोण्यांनी भरलेला ट्रक मागे येत होता. गोरक्षला वाटलं, पुढे गेलेल्या पोलीस साहेबांच्या अंगावरच्या माइकमधून लांबचा ट्रक ऐकू येतोय. तो लांबचा नव्हता. शिपायानं कॉलर धरून ओढलं म्हणून वाचला. त्यानंतर त्यानं काम सोडलं नाही, एवढंच केलं की दर दहा पावलांनी मान वळवून मागे बघायची सवय लावून घेतली. आता घरात जेवतानाही तो मधेच मागे बघतो. बायको संजना म्हणते, "कोणी नाही हो मागे, भात वाढू का?"

त्याचे वडील झुंबर ताजनपुरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. यंत्राचं बेअरिंग बिघडत चाललंय की नाही, ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून सांगायचे. पोरगा कॉलनीतल्या जयंत्यांना आणि लग्नांना भोंगे बांधायला जाऊ लागला, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "ऐकू आलं ते सगळं बोलून दाखवायचं नसतं." गोरक्षनं पुढे मंडपातले स्पीकर लावले, केबलवरच्या बातम्यांचं काम केलं, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर या धाडींच्या कार्यक्रमात आला. वडिलांचं ते बोलणं इथे जितकं लागू पडलं तितकं कुठेच पडलं नव्हतं.

कारण असं, की पोलीस अधिकाऱ्याच्या शर्टाच्या आत एक इवलासा माइक लावलेला असतो आणि त्याची डबी पाठीमागे पट्ट्याला खोचलेली असते. अधिकारी बोलतो ते शंभर पावलांवरही गोरक्षच्या कानात पडतं. माणसं कॅमेरा विसरत नाहीत, पण माइक पाचव्या मिनिटाला विसरतात. अधिकारी बाजूला जाऊन बायकोशी फोनवर भांडतो, बदलीसाठी कुणाला तरी गळ घालतो, एखादा धाडीआधी देवाचं नाव घेतो. हे सगळं गोरक्षला ऐकू येतं. म्हणून त्यानं स्वतःशी एक नेम केला होता. अधिकारी खासगी बोलायला बाजूला निघाला की त्याचा माइक पिशवीतून बंद करायचा आणि लांबून मूठ वर करून दाखवायची. मूठ म्हणजे बंद, उघडा पंजा म्हणजे चालू. जिल्ह्यातल्या कितीतरी ठाण्यांत ही मूठ माहीत झाली होती. नवीन अधिकारी कार्यक्रमाला कुरकुर करायला लागला की जुना शिपाई सांगायचा, "ताजनपुरे आहेत ना? मग काळजी नाही साहेब. मूठ बघायची आणि बोलायचं."

हरसूलच्या पलीकडे डोंगरात एक पाडा आहे. गेल्या ऑक्टोबरात सकाळी आठच्या सुमाराला तिथल्या हातभट्ट्यांवर धाड पडली. सहायक निरीक्षक स्नेहल बच्छाव पुढे होत्या. सटाण्याकडच्या, वय बत्तीस-तेहतीस, चालणं असं झपाझप की आयुषला उलट्या पावलांनी त्यांच्यापुढे राहणं जड जायचं. ओढ्याच्या काठानं वर चढून त्यांनी पहिली भट्टी फोडली, मग दुसरी. उकळतं रसायन पिंपातून सांडलं आणि आंबूस वाफ सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. कॅमेरा वाफेत शिरला तसा गोरक्षही शिरला.

एवढ्यात हेडफोनमध्ये स्नेहल मॅडमचा श्वास थांबला. त्या ओरडल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. नुसता श्वास थांबला. तीन वर्षं पोलिसांचे श्वास ऐकलेल्या गोरक्षला तेवढं पुरलं. त्यानं आयुषचा पट्टा सगळ्या जोरानं मागे ओढला आणि स्वतः पुढे आला. वरच्या दरडीवरून भिरकावलेला दगड आयुषच्या डोक्याऐवजी गोरक्षच्या उजव्या मनगटावर बसला. मागोमाग आणखी चार-पाच दगड आले. शिपाई दरडीवर धावले, दगड मारणारी पोरं पळाली.

गोरक्ष कातळावर बसला. आयुष त्याच्या मनगटाला रुमाल बांधत होता. तेवढ्यात स्नेहल मॅडम पाड्याच्या बाजूला, शाळेच्या भिंतीआड निघाल्या. जाताना वळून त्यांनी कॉलरला बोट लावलं. बंद ना, असं विचारायची ती त्यांची पद्धत. गोरक्षनं सवयीनं डावी मूठ वर केली. मग आयुषनं रुमाल आवळला, तशी त्याला कळ आली आणि त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

मूठ डाव्या हातानं वर झाली होती. बटण बंद करायचं काम उजव्या हाताचं होतं, आणि तो हात बधिर होता.

दुपारी पोलिसांनी तिसरी भट्टीही शोधून फोडली. संध्याकाळी रेकॉर्डिंगची सगळी कार्डं मुंबईला रवाना झाली. मनगटाला प्लास्टर पडलं, दिवाळी झाली, प्लास्टर निघालं.

एक दिवस दुपारी कार्यक्रमाच्या मुंबईच्या निर्मात्या राखी मॅडम यांच्या ऑफिसातून गोरक्षला एक फाइल आली. सोबत निरोप होता: "वाऱ्याची घरघर काढून द्या. बाकी एकदम जबरदस्त आहे." गोरक्षनं पलंगावर बसून हेडफोन लावला.

एक बाई बोलत होती. आवाज यंत्रानं घोगरा केलेला, पुरुषासारखा जाड. पण समोरच्या दोन दातांत फट असावी तशी तिच्या बोलण्यात एक शीळ होती, आणि दर दोन-तीन वाक्यांनी "मंग बाई" यायचं.

"मंग बाई, दोनच फोडल्या तुम्ही. तिसरी खालच्या वहाळात हाय, जांभळीच्या बुडाशी. मंग बाई, मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका. माझा दीरच हाय त्याच्यात. घर जाळतील माझं. हरसूलच्या बाजारात दिसले तर वळख दाखवू नका मला."

आणि मग स्नेहल मॅडमचा स्वच्छ आवाज: "काळजी करू नका मावशी. इथे आपण दोघीच आहोत."

गोरक्षनं हेडफोन काढला. संजना दारात उभी होती.

"काय झालं? बरं नाही का?"

"मी मूठ दाखवली होती," गोरक्ष म्हणाला. तिला काही कळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "त्या बाईला यातलं काही माहीत नाही?"

"नाही. तिला तर माइक म्हणजे काय हेही ठाऊक नसेल."

त्यानं राखी मॅडमना फोन लावला. गोरक्ष कमी बोलणारा माणूस. फोनवर तर "हो" आणि "पाठवतो" यापलीकडे जात नसे. तरी त्यानं सांगायचं ते सांगितलं.

"गोरक्षजी, रिलॅक्स," राखी मॅडम म्हणाल्या. "तिचा चेहरा कुठे आहे? एक फ्रेमसुद्धा नाही. आम्ही भिंत दाखवतोय आणि वर आवाज. तोही बदललाय. तिसरी भट्टी कशी सापडली, तीच तर स्टोरी आहे ना?"

"चेहरा नाही मॅडम, पण बाई आहे. तिच्या गावात तिला आवाजानंच ओळखतात."

"असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही साउंडवाले आहात. लोक एवढं ऐकत नाहीत हो. पंधरा दिवसांनी एपिसोड आहे, फाइल उद्यापर्यंत द्या."

"हा आवाज जाणार असेल तर माझं नाव काढा. मी पुढे येणार नाही."

"ही काय बोलायची पद्धत झाली का?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनं मोटारसायकल काढली आणि त्र्यंबकच्या रस्त्यानं डोंगरात गेला. दगड, कोयते, पिसाळलेलं कुत्रं यांच्यासमोर तो उभा राहिला होता. त्या दिवशी स्नेहल मॅडमच्या ठाण्याच्या आवारात मात्र त्यानं गाडीचं स्टँड दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. स्नेहल मॅडम बाहेर आल्या.

"अरे, ताजनपुरेकाका! हात कसा आहे?"

"मॅडम, त्या दिवशी माइक चालू राहिला होता."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"तुम्ही मूठ दाखवली होती ताजनपुरे." 'काका' गळून पडलं होतं.

"दाखवली होती. चुकलं माझं."

"मी त्या बाईला सांगितलं, आपण दोघीच आहोत. तुमच्या मुठीवर सांगितलं मी!"

गोरक्ष मान खाली घालून उभा राहिला. हाताला लागलं होतं, बटण उजव्या हाताचं होतं, यातलं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. थोड्या वेळानं त्याच विचार करू लागल्या. एपिसोड आधी वरिष्ठांकडे पाहायला येतो खरा, पण तिथे चेहरे झाकलेत का तेवढंच पाहतात. आवाजावर हरकत घ्यायची तर लेखी घ्यावी लागेल, लेखी घ्यायची तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहिलं की तो कागद पाच टेबलांवरून जाणार. इथल्याच ठाण्यात त्या दिराचे दोन दोस्त चहा प्यायला येतात.

"मी कागद करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "केला तर मीच तिला उघडं पाडेन. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच निस्तरा."

परतताना गोरक्ष विचार करत होता. राखी मॅडमना पटवायचं तर ती फाइल त्या भागातल्या कुणाला तरी ऐकवावी आणि तो ओळखतो का ते बघावं. पण ओळख पटली की त्या बाईचं गुपित आणखी एकाला कळलं. म्हणजे ज्या परीक्षेनं तिला वाचवायचं, तीच तिला बुडवणार. अंजनेरीच्या उतारावर तो रस्त्याच्या कडेला थांबला. आवाज ओळखून दाखवायचा, पण तो तिचाच कशाला हवा?

घरी येऊन त्यानं मुंबईच्या एडिटरला विचारलं, आवाज कोणत्या मापानं बदलला. एडिटरनं आकडे सांगितले. मग गोरक्षनं आपल्या फोनमध्ये राखी मॅडमनी बोलून पाठवलेला जुना निरोप शोधला. मागच्या वर्षीचा होता तो. "गोरक्षजी, नाशिकहून येताना चिवडा आणा, पण तिखट नको हं, मागच्या वेळी माझी वाट लागली होती." तो त्यानं त्याच मापानं घोगरा केला. ऐकलं तर वाटावं, कुणी पहिलवान चिवडा मागतोय. संजना तोंडाला पदर लावून हसली.

"पाठवू?" गोरक्षनं विचारलं. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "फाइल पाठवली" याखेरीज त्यानं कधी काही लिहिलेलं नव्हतं.

"पाठवा. फार तर काय, काम जाईल. ते तर तुम्ही आधीच सोडून बसलाय."

त्यानं फाइल टाकली आणि खाली लिहिलं: "हा आवाज कोणाचा?"

पहिलं उत्तर एका मिनिटात आलं. "राखी मॅम!!" मग दुसरं: "मॅडम, घसा बसला का?" मग एडिटर: "ही 'हं' जगात एकाच बाईची आहे." कुणी लिहिलं, "चिवड्याआधीच ओळखलं." पाव तास झाला तेव्हा अकरा उत्तरं आली होती आणि अकराही बरोबर होती. आयुषनं वेगळा फोन करून विचारलं, "काका, तुम्ही बरे आहात ना? मॅडमची चेष्टा? तुम्ही?"

राखी मॅडमचा फोन आला तेव्हा गोरक्ष उभा राहूनच बोलला. सुरुवातीला पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"माझ्या मुलीनं पण ओळखला," त्या शेवटी म्हणाल्या. "सहा वर्षांची आहे. आतल्या खोलीतून ओरडली, मम्मा, तू राक्षस झालीस?"

"माफ करा मॅडम. दुसरा मार्ग सुचला नाही."

"तुम्ही सरळ सांगायचं ना."

"सांगितलं होतं."

पुन्हा पंखा. "पण मग तिसरी भट्टी सापडली कशी म्हणून दाखवू?"

"पोलीस नेहमी सांगतात तसं. गुप्त माहिती मिळाली."

"ते फार बोअर होतं, गोरक्षजी."

"होऊ द्या मॅडम," गोरक्ष म्हणाला. "तुम्हाला अकरा जणांनी ओळखलं, हसू झालं. तिला एकानं ओळखलं तरी तिचं घर जाईल."

त्यांनी मानलं. गोरक्षनं आणखी एक मागितलं, आणि ते मागणं त्याला जड गेलं, कारण वीस वर्षांत त्यानं रेकॉर्ड झालेला एकही आवाज पुसलेला नव्हता. नुसतं एपिसोडमधून काढून भागणार नाही, मूळ फाइलही राहता कामा नये. एडिटरनं व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर ती सगळीकडून काढून टाकली. गोरक्षनं आपल्याकडचीही पुसली. मग स्नेहल मॅडमना दोन शब्द पाठवले: "आता बंद." उत्तर आलं नाही. त्यानं अपेक्षाही ठेवली नव्हती.

एपिसोड लागला. भिंत नव्हती, बाई नव्हती. स्नेहल मॅडमनी कॅमेऱ्यासमोर ते नेहमीचं वाक्य म्हटलं आणि जांभळीच्या बुडाशी पिंप सापडलं. घरात टीव्ही बंद झाल्यावर गोरक्ष म्हणाला, "बाजाराला जाऊन येतो हरसूलला."

"ओळखणार कशी तिला? तोंड तरी पाहिलंय का?" संजनानं विचारलं.

गोरक्षनं नुसतं कानाला बोट लावलं.

बाजाराच्या दिवशी तो हरसूलच्या गर्दीत हिंडला. सुकी मासळी, कोयते-विळे, बांबूच्या टोपल्या, प्लास्टिकच्या चपला, भोंग्यावरून ओरडणारा गोळ्या-औषधांचा विक्रेता. त्यानं मान खाली घातली होती आणि तो नुसता ऐकत चालला होता. नागली-वरईच्या रांगेत शीळ ऐकू आली. "मंग बाई, घ्यायची तर घे, उगीच दाणे चिवडू नको." पन्नाशीची, काळीसावळी, डोक्याला फडकं बांधलेली बाई पोत्यावर बसली होती. समोरच्या दातांत फट होती.

शेजारच्या म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं. "भागे, टीव्हीत आपला वहाळ दाखवला, बघितलास का?"

"बघितला ना साळूबाई. लय खोल दिसत व्हता. आपल्याला तर रोज उतरून कधी कळलं नाय."

"कोणी सांगितलं असंल गं पोलिसांना?"

गोरक्षनं श्वास धरला. भागीबाईनं नागलीचं माप काठोकाठ भरलं, हातानं सपाट केलं.

"मंग बाई, मला काय ठावं? तुझ्यावानी कोणतरी तोंडाळ असंल."

आजूबाजूच्या चार बायका खो खो हसल्या. साळूबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग भागीबाईचं लक्ष गोरक्षकडे गेलं.

"काय दादा, नुसता उभाच? घ्यायची का नागली?"

"दोन किलो द्या."

"पिशवी?"

पिशवी आणलेली नव्हती. त्यानं हातातलं हेल्मेट उलटं करून पुढे धरलं. भागीबाई शीळ वाजवत हसली आणि तिनं सगळी नागली त्यात ओतली, वर एक मूठ जास्तीची घातली. गोरक्षला तिला काहीही सांगायचं नव्हतं. तो पैसे देऊन निघाला.

हेल्मेट टाकीवर बांधून तो उघड्या डोक्यानं सावकाश चालला होता, तेव्हा समोरून ठाण्याची जीप आली आणि कडेला थांबली. स्नेहल मॅडमनी काच खाली केली.

"काका, हेल्मेट डोक्यात घालायचं असतं."

"भरलंय मॅडम."

त्या खाली उतरल्या. हेल्मेटमध्ये डोकावल्या, थोडी नागली चिमटीत घेतली, तळहातावर पसरली. ती कुणाकडून घेतली हे त्यांनी विचारलं नाही. दाणे पुन्हा हेल्मेटात टाकले आणि हात झटकला.

"याचा दंड होतो," त्या म्हणाल्या.

"करा मॅडम."

"आज पावतीपुस्तक आणलेलं नाही." त्या जीपमध्ये बसल्या. "पुढच्या आठवड्यात पेठच्या बाजूला धाड आहे. तुम्ही असाल तरच माइक लावीन, असं सांगितलंय मुंबईला. सावकाश जा, पुढे वळणावर खडी पडलीय."